बेल्जियन व्हीट बिअर: पिंटला २९० रुपये देण्यासारखं असतं का, आणि ते ठरवायचं कसं?

घोडबंदरकर

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसतं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. विषय बिअरचा आहे पण मला खरंच समजून घ्यायचंय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी कासारवडवलीला राहतो. इतकी वर्षं माझ्यासाठी बिअर म्हणजे साडेसहाशे मिलीची स्ट्राँग, बर्फासारखी गार, सोबत खारे शेंगदाणे, संपला विषय. गेल्या दिवाळीनंतर ऑफिसच्या ग्रुपबरोबर इथल्याच एका ब्रूपबमधे गेलो तर तिथल्या मुलाने बेल्जियन विट, म्हणजे गव्हाची बिअर, म्हणून एक ग्लास आणून ठेवला. रंग एकदम फिकट, पेंढ्यासारखा, आरपार काही दिसत नाही आणि वर पांढराशुभ्र फेस. मला आधी वाटलं गाळायची राहिलीये. पण तोंडाजवळ नेला आणि संत्रं सोलताना सालीतून जो बारीक फवारा उडतो ना, अगदी तो वास आला, त्याच्या मागून सुके धणे. कडूपणा जवळजवळ नाहीच. दुसरा ग्लास मी मुद्दाम सावकाश प्यायलो, वास जाईपर्यंत, असं बिअरच्या बाबतीत पहिल्यांदा झालं. अर्धा लिटरला ४२५ रुपये, वर सर्व्हिस चार्ज.

मग वाटलं दर वेळी पब कशाला, बाटल्या आणू. वाइन शॉपमधून दोन प्रकार आणले, एक आपल्याकडे बनलेली व्हीट बिअर, ३३० मिलीची पिंट १३० ला, आणि एक इम्पोर्टेड, तीही ३३० चीच, २९० ला. महागातली भारी असणार असं धरून चाललो होतो आणि झालं उलटंच. इम्पोर्टेडला संत्र्याचा वास नावाला नाही, रंग जरा जास्तच पिवळा, घोट गिळल्यावर पावसात भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी चव राहते, आणि किंचित आंबट. चार आणल्या होत्या म्हणजे ११६० रुपये, तीन प्यायलो, एक अजून फ्रिजमधे आहे. शाळेपासूनचा मित्र सोबत होता, तो म्हणाला एवढ्यात सहा स्ट्राँग आल्या असत्या, पैसे पाण्यात घातलेस.

त्याचं म्हणणं मला पटत नाही पण उत्तरही देता येत नाहीये. म्हणून विचारतो, अशी बिअर चांगली की वाईट हे सामान्य माणसाने ठरवायचं कसं? आंबटपणा हा दोष की तशीच असते? गढूळ असणं बरोबर का? आणि मुख्य म्हणजे किमतीच्या मानाने वसूल आहे की नाही हे कशावरून बघता तुम्ही?

तळोजा_लॅब

घोडबंदरकर, प्रश्न नीट मांडलात. मी तळोजा एमआयडीसीकडच्या एका ब्रूअरीच्या क्वालिटी लॅबमधे ११ वर्षं काढली, आता ते काम सोडलंय, पण नाक अजून तिथेच अडकलंय. त्यामुळे लांब उत्तर देतोय, सावकाश वाचा.

सगळ्यात आधी फ्रिजमधे उरलेली ती चौथी बाटली बाहेर काढा आणि तारीख बघा. पुढचं सगळं नंतर.

आता मूळ प्रकार समजून घ्या. विटबिअर म्हणजे साधारण अर्धा कच्चा गहू, म्हणजे मोड न आणलेला, आणि उरलेलं बार्लीचं फिकट माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, कधी थोडे ओट्स. त्यात धणे आणि कडू संत्र्याची वाळवलेली साल. हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा देणारी फुलं, अगदी कमी. अल्कोहोल साडेचार ते साडेपाच टक्क्यांच्या आसपास. कच्च्या गव्हाचं स्टार्च, प्रथिनं आणि थोडं यीस्ट तरंगत राहतं म्हणून ती गढूळ दिसते, म्हणजे गढूळपणा पाहिजेच, विट काचेसारखी नितळ दिसली तर उलट मी शंका घेईन. जर्मन व्हीट बिअर वेगळी, तिच्यात गव्हाचंही माल्ट असतं आणि धणे-साल काही नसतं, तिला जो केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो तो फक्त यीस्टचा. आपल्या डोंबिवलीच्या गेटवे ब्रुइंगची व्हाइट झेन त्या जर्मन वळणाची. ती पिऊन कोणी म्हणालं यात संत्रं लागलं नाही, कमी मार्क, तर ते पोह्याला उपम्याचे मार्क दिल्यासारखं झालं. आधी प्रकार कुठला ते बघा, मग तपासा.

आंबटपणाचं असं आहे की विटमधे हलकी आंबट कड चालते, बऱ्याच जणांना ती हवीच असते, ताज्या ताकाला असते तेवढी. जिभेच्या कडेला किंचित झिणझिण आणि लगेच साफ. पण व्हिनेगरसारखं घशाला टोचलं, किंवा आंबट झाल्यावर तोंडात वास रेंगाळला, तर तो दोष. तुम्हाला लागलेला भिजका पुठ्ठा हा मात्र सरळसरळ शिळेपणा आहे, त्यात दुमत नाही. बाटलीत राहिलेला थोडासा ऑक्सिजन आणि उष्णता मिळून ती चव तयार करतात. साधारण हिशेब असा की तापमान १० अंशांनी वाढलं की बिघडण्याचा वेग दुप्पट-तिप्पट होतो. आता विचार करा, कुठूनतरी कंटेनरमधून आलेली बाटली गोदामात पडून, मग दुकानाच्या मागच्या खोलीत, एप्रिल-मे मधे, ठाण्यात. शेवटचे दोन दिवस फ्रिजमधे ठेवून झालेलं नुकसान भरून निघत नाही. आम्ही लॅबमधे एकाच बॅचच्या बाटल्या काही फ्रिजमधे आणि काही गरम कपाटात ठेवायचो आणि काही आठवड्यांनी शेजारी शेजारी चाखायचो. एकाच टाकीतून निघालेल्या दोन बाटल्या, पण सांगितलं नाही तर वेगळ्या कंपनीच्या वाटतील. विटचा तर वास हाच जीव आणि तो सगळ्यात आधी जातो. स्ट्राँग लागरमधे, म्हणजे तुमच्या नेहमीच्या बिअरमधे, हे लपतं, इथे लपवायला काही नाही.

चाखायची पद्धत. काचेचा ग्लास घ्या, साबणाचा वास अजिबात नको, फडक्याने न पुसता उपडा ठेवून वाळलेला. फ्रिजमधून काढून दहा मिनिटं थांबा, ५ ते ७ अंश बरं, बर्फासारखी गार असली की जीभ बधिर होते आणि चांगली-वाईट सगळी सारखीच लागते. दोन तृतीयांश ओता, मग बाटली हळूच गोल फिरवा म्हणजे तळाचं यीस्ट वर येईल, मग उरलेली ओता. आधी वास, लगेच, कारण पहिल्या अर्ध्या मिनिटात जे उडतं ते परत येत नाही. मग रंग-फेस. मग घोट, आणि गिळल्यावर नाकाने श्वास सोडा, धणे तिथे सापडतात.

जगभर बिअरच्या स्पर्धांमधे बीजेसीपी नावाची मार्कांची पद्धत वापरतात, ५० पैकी. वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात कशी वाटते त्याला ५ आणि एकूण परिणामाला १०. दिसण्याला फक्त ३ आहेत आणि वासाला १२ हे मुद्दाम सांगतोय, कारण आपण नेमकं उलट करतो, ग्लासचा फोटो बघून ठरवतो.

आणि एक काम करून बघा, याला ट्रँगल टेस्ट म्हणतात. तीन ग्लास, दोनात एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी, कुठला वेगळा ते न बघता ओळखायचं. नुसत्या अंदाजानेही तिघांतला एक बरोबर सांगणारच, पण पाच जणांत चार-पाच बरोबर आले तर फरक खरा आहे. फरक ओळखताच येत नसेल तर जास्त पैसे कशाचे देताय हा प्रश्न तिथेच मिटतो. फक्त त्या दिवशी दुपारी मामलेदारची मिसळ खाऊन बसू नका, पुढचे कितीतरी तास जिभेला दुसरं काही कळत नाही.

नौपाडा_हिशेब

तळोजा दादांनी चवीचं सांगितलं, मी पैशाचं बोलतो कारण तुमच्या मित्राचा मुद्दा तिथे आहे आणि तो चुकीचा का आहे हे आकड्यात दिसतं.

१०० मिलीचा भाव काढा. तुमची इम्पोर्टेड साधारण ८८ रुपये, पबमधली ८५ आणि सर्व्हिस चार्ज धरला तर त्याहून वर, आपल्याकडची पिंट ३९. मित्राची स्ट्राँग १९० ला धरली तर २९. इथपर्यंत ठीक. पण मित्र खरं तर मिलीवर बोलतच नाहीये, तो नशेवर बोलतोय. ६५० मिली ८ टक्के म्हणजे शुद्ध अल्कोहोल ५२ मिली, म्हणजे मिलीला साडेतीन-पावणेचार रुपये. तुमची इम्पोर्टेड ४.९ ची धरली तर १६ मिली, मिलीला जवळजवळ १८ रुपये. या मापाने विट कधीच, कुठल्याच दुकानात, कुठल्याच भावात जिंकणार नाही. म्हणून हे माप विटला लावायचंच नाही. नशा हवी असेल तर त्याचा हिशेब बरोबर आहे आणि त्याने तीच घ्यावी. तुम्हाला वास-चव हवीये तर त्याचा भाव वेगळा.

आपण हापूस घेताना काय करतो? डझनाचा भाव विचारतो, पण पेटी उघडून देठाजवळ वास घेतल्याशिवाय पैसे काढत नाही. मार्चमधे कितीतरी जास्त देतो, मे मधे तोच अर्ध्याने घेतो, आणि मार्चचा कच्चा निघाला तर चरफडतो, भाव जास्त होता म्हणून नाही तर वास नव्हता म्हणून. बिअरचंही तसंच लावा. चाखून झाल्यावर, किंमत न बघता, स्वतःला विचारा मी याला किती देईन. तो आकडा कागदावर लिहा आणि मग एमआरपी बघा. लिहिलेला जास्त आला तर वसूल.

जाता जाता, महाराष्ट्रात ५ टक्क्यांपर्यंतची बिअर माईल्ड धरतात आणि विट बहुतेक त्यातच बसते. वयाची अट माईल्डला २१, स्ट्राँगला २५. ग्रुपमधे लहान भाऊबिऊ असतील तर लक्षात असू द्या.

ऐरोली_सेक्टर८

माझा अनुभव फक्त पबचा. नवी मुंबईत एका ठिकाणी विट मागवली, पहिल्याच घोटाला पॉपकॉर्नवरचं बटर. मॅनेजरला सांगितलं तर म्हणाला सर हाच स्टाइल आहे. मी ऐकून घेतलं आणि पूर्ण बिल भरलं, अजून खटकतंय. आता मी सरळ आधी सँपल मागतो, बऱ्याच ठिकाणी दोन घोट फुकट देतात, आणि विचारतो की हा केग, म्हणजे बिअरचं पिंप, कधी लावला. उत्तर नीट देता आलं तर बसतो. आणि ग्लास ३३० चा की ५०० चा ते मेनूत बघून घ्या, दोन पबच्या भावाची तुलना करताना हे हमखास राहतं.

तळोजा_लॅब

ऐरोली, बटर हा स्टाइल नाही हो. ते डायअॅसिटिल नावाचं रसायन, एकतर यीस्टला काम पुरं करू न देता बिअर लवकर काढली किंवा टॅपची नळी घाण आहे. नळ्या दर दोन आठवड्यांनी धुवायच्या असतात. विटमधे तर ते अजिबात खपवून घेऊ नका, ग्लास परत करा, तुमचा हक्क आहे.

सीवूड्स_लूव्हन

उशिरा येतेय पण हा धागा बघून राहवलं नाही. मी रिसर्चसाठी दोन वर्षं बेल्जियममधे लूव्हनला होते, आणि हूगार्डन हे गाव तिथून जवळच, टीनेनच्या पलीकडे. विटच्या बाटलीवर हे नाव वाचलेलं असतं पण ते खरंच एक गाव आहे, छोटंसं, सभोवती शेती, हे तिथे गेल्यावरच मनात उतरलं.

गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्या भागात कित्येक शतकं गव्हाची पांढरी बिअर बनायची. मग लोक लागरकडे वळले, एकेक ब्रूअरी बंद होत गेली आणि १९५७ च्या सुमारास गावातली शेवटची पण गेली. प्रकारच संपला. पिएर सेलिस नावाचा तिथला दूधवाला, तरुणपणी त्याने त्या शेवटच्या ब्रूअरीत हाताखाली काम केलेलं, त्याला ती चव आठवत होती. त्याने १९६६ मधे परत बनवायला घेतली. आज जगात कुठेही, आपल्या घोडबंदर रोडवर सुद्धा, जी विट मिळते ती त्या एका माणसाच्या आठवणीतून आलेली आहे. मला हे फार मोठं वाटतं. आपल्याकडे एखाद्या आजीच्या हातचा पदार्थ तिच्याबरोबर जातो आणि आपण हळहळतो, इथे एकाने तो परत आणला. १९८५ मधे त्याच्या ब्रूअरीला आग लागली, उभं करायला मोठ्या कंपनीचे पैसे घ्यावे लागले आणि हळूहळू ती त्याच्या हातातून गेली. तर हा माणूस अमेरिकेत टेक्सासला ऑस्टिनमधे गेला आणि १९९२ पासून तिथे विट बनवायला लागला. २०११ ला वारला.

अजून एक, चवीशी थेट संबंध असलेलं. कंपनीने २००५ मधे हूगार्डनची ब्रूअरी बंद करून काम जुपीय नावाच्या दुसऱ्या गावातल्या मोठ्या कारखान्यात न्यायचं जाहीर केलं. गावकरी रस्त्यावर उतरले. २००७ मधे कंपनीने निर्णय फिरवला आणि काम गावातच राहिलं. रेसिपी हातात असली म्हणजे चव कुठेही नेता येते असं नसतं.

आता तुमच्या २९० रुपयांबद्दल. मी तिथे ताजी प्यायलेय म्हणून सांगते, इथे आल्यावर तेच नाव बघून पहिल्या वर्षी मी पण बाटल्या घेतल्या आणि दोनदा तोंड कडू झालं. नावाला पैसे देऊ नका, तारखेला द्या. आपल्याकडे पण आता बरेच लोक मन लावून करतात, पुण्यात डूलाली हे ब्रूपब २००९ ला सुरू झालं तेव्हापासून हळूहळू लोकांना ताजी बिअर म्हणजे काय ते कळायला लागलं. बिरा ९१ व्हाइट ही व्हीट बिअर २०१५ मधे आली तेव्हा सुरुवातीला ती बेल्जियममधे बनून यायची, मग इथे बनायला लागली. इथे बनते म्हणजे कमी, असं मनात आणूच नका, विटच्या बाबतीत तर जवळ बनलेली असणं हा गुण आहे.

लिंबाच्या फोडीबद्दल कोणी विचारलं नाही पण सांगते. इथे पबमधे न विचारता टाकतात. पहिल्या ग्लासला नकोच सांगा, एक तर फेस बसतो आणि दुसरं म्हणजे शिळ्या बिअरचा दोष लिंबाखाली झाकला जातो. आपण तपासायला बसलोय ना.

आणि एक खायचं. तिकडे शिंपले बिअरमधे शिजवतात आणि सोबत तीच पितात. मी इथे तिसऱ्यांचं, म्हणजे आपल्याकडच्या शिंपल्यांचं, सुकं करते, खोबरं थोडं कमी, तिखट अगदी बेताचं, आणि शिजवताना पाण्याऐवजी अर्धी वाटी विट. तिसऱ्या उघडल्या की तो खारट रस आणि बिअरमधले धणे काय जमून येतात म्हणून सांगू. चाखून झाल्यावर करा, आधी नाही.

तळोजा दादांशी एक मतभेद. ५० मार्कांचा तक्ता स्पर्धेला ठीक आहे, घरी पाच जण बसले की तक्ता भरण्यातच लक्ष जातं. मला नौपाड्याची चिठ्ठी जास्त पटली.

घोडबंदरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. पाच आठवडे लागले पण केलं सगळं, आता लिहितो काय झालं ते.

आधी तारीख. चौथी बाटली काढली, मागच्या बाजूला इम्पोर्टरचा पांढरा स्टिकर होता, एमआरपी वगैरे छापलेला, आणि तो नेमका मूळ छापलेल्या तारखेवर चिकटवलेला. बाटली कोमट पाण्यात बुडवून नखाने सोलला. एक्स्पायरी संपलेली नव्हती, पण संपायला जेमतेम पाच आठवडे होते. म्हणजे बाटली जवळजवळ वर्षाची. दुकानदाराला दाखवली तर म्हणाला साहेब एक्स्पायर तर नाही ना. त्याचंही कागदावर बरोबरच होतं, मी गप्प घरी आलो.

मग तळोजा दादांच्या गरम कपाटाचं डोक्यात बसलं होतं. आपल्याकडच्या १३० वाल्या सहा पिंट एकाच दिवशी, एकाच बॅचच्या आणल्या, तीन फ्रिजमधे आणि तीन स्वयंपाकघरातल्या माळ्यावर, गॅसच्या बरोबर वर. महिनाभर हात लावला नाही. मे महिना होता. शिवाय ठाणे स्टेशनजवळच्या दुसऱ्या दुकानात तारीख दिसेल अशी इम्पोर्टेड शोधली, चार महिन्यांची मिळाली, भाव तोच २९०.

परवा शनिवारी पाच जण बसलो. वहिनी बिअर पीत नाही, तिला म्हटलं ओतायचं आणि ग्लासवर नंबर टाकायचं काम तुझं, आम्ही बाहेर हॉलमधे. तिने तिच्या मनाने अजून एक केलं, दोन वाट्या आणून ठेवल्या, एकीत खलबत्त्यात नुकतेच ओबडधोबड कुटलेले धणे, न भाजता, आणि दुसरीत वाळवलेली संत्र्याची साल, ती उटण्यासाठी घरी असतेच. म्हणाली ओळखायचंय तर आधी खरा वास घ्या. हे फार उपयोगी पडलं. वाटीचा वास घ्यायचा, मग ग्लासचा, मग परत वाटीचा. तोपर्यंत मी नुसतंच संत्रं-धणे म्हणत होतो, आता ग्लासमधे ते कुठे आहेत ते बोट ठेवून सांगता येत होतं.

ट्रँगल टेस्ट फ्रिजवाली विरुद्ध माळ्यावरची. पाचातल्या चौघांनी ओळखलं. एकाच बॅचच्या बाटल्या, एकाच खोक्यातल्या! मला अजून विश्वास बसत नाही की माझ्या डोळ्यादेखत हे झालं.

मग चारही समोर, नंबर १ ते ४, आणि चिठ्ठीवर फक्त किती देशील ते. बोलायचं नाही, चेहरे करायचे नाहीत. चिठ्ठ्या गोळा केल्यावर वहिनीने नावांचं बंद पाकीट उघडून नावं सांगितली.

फ्रिजमधली आपल्याकडची पिंट: १८०, २००, १५०, १७०, १६०. तीच, माळ्यावरची: ८०, १००, ९०, ७०, ११०. माझी जुनी इम्पोर्टेड: ६०, १००, ५०, ८०, ६०. चार महिन्यांची इम्पोर्टेड: २२०, २४०, २००, १८०, २१०.

आणि चिठ्ठ्या वाचायच्या आधीची एक गोष्ट राहिली. वहिनी ओतताना प्रत्येक ग्लासचा वास घेत होती, माळ्यावरच्या बाटलीशी थांबली आणि आतून ओरडून म्हणाली की या नंबर दोनमधे धणे जुने आहेत, डब्याच्या तळाला उरलेल्यासारखे, रंग आहे पण वास नाही. तिला कुठली बाटली कुठून आली हे मी सांगितलंच नव्हतं, झाकणावर नुसते नंबर होते आणि नावांचा कागद तोवर त्या पाकिटात बंद.

नौपाडा_हिशेब

सरासरी काढली. ताजी देशी १७२, दिले १३०. माळ्यावरची ९०, दिले तेच १३०. जुनी इम्पोर्टेड ७०, दिले २९०. बरी इम्पोर्टेड २१०, दिले २९०. म्हणजे चवीला पहिली आली ती आणि पैसे वसूल झाले ती, या दोन वेगळ्या बाटल्या आहेत. या चिठ्ठ्या जपून ठेवा, पुढच्या वेळी दुकानात उभे असाल तेव्हा कामाला येतील.

तळोजा_लॅब

वहिनींना माझा नमस्कार सांगा. आमच्या चाखणाऱ्यांच्या पॅनलवर बसायला लोकांना महिनोन्‌महिने शिकवायला लागायचं आणि यांनी ओतताना पकडलं. खरं सांगायचं तर यात नवल नाही, धण्याचा मुख्य सुगंध लिनालूल नावाच्या घटकाचा असतो आणि उष्णतेने तोच मंद होत जातो, डब्यातही आणि बाटलीतही. रोज फोडणी करणारा माणूस तो वर्षानुवर्षं हुंगत असतो. धणे मुळातच खराब वापरले असतील तर बिअरला सेलरीसारखा पालेभाजीचा किंवा चक्क हॅमसारखा वास येतो, तोही एकदा दाखवायला हवा. आणि आपले धणे लांबट, तिकडचे गोल आणि बारीक. लांबट धण्याचा वास जास्त लिंबू-संत्र्याकडे झुकतो, म्हणून विटसाठी ते मुद्दाम मागवणारे लोकही आहेत.

सीवूड्स ताई, तक्त्याबद्दल तुमचं बरोबर, घरी चिठ्ठीच चांगली. पण नंबर ४ ला १८०-२४० का दिले हे पाच जणांनी दोन ओळीत लिहून ठेवलं असतं तर अजून बरं झालं असतं.

सीवूड्स_लूव्हन

दोन ओळींचं मान्य दादा, पुढच्या वेळी.

घोडबंदरकर, तो स्ट्राँगवाला मित्र होता का त्या पाच जणांत? आणि त्याने किती लिहिले?

घोडबंदरकर

होता ना ताई. पहिल्या ओळीतला २०० त्याचा आहे, फ्रिजमधल्या देशी पिंटला. नाव कळल्यावर बराच वेळ बाटली हातात धरून बसला होता, मग लेबलवरची तारीख मोठ्याने वाचली. निघताना दोन घेऊन गेला, वहिनीने फ्रिजमधूनच काढून वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या. रिक्षाने गेला, गाडी इथेच ठेवून.

आता येत्या रविवारी तिसऱ्या बघायला जायचंय. पाऊस सुरू व्हायच्या आत चांगल्या मिळतील का, आणि ती अर्धी वाटी विट खोबऱ्याआधी घालायची की नंतर, तेवढं सांगाल का?

सीवूड्स_लूव्हन

सकाळी लवकर जा, आणि तोंड मिटलेल्याच निवडून घ्या. कांदा परतून झाला की तिसऱ्या, लगेच विट, झाकण. तोंडं उघडली की मग खोबरं.